भिकाच्या हातात ओरडणारी मशीन

सारंगखेड्याच्या घोडेबाजारातल्या एका दलालाने मला फसवले. नुसता माल खराब निघाला असता तर मी तुमच्या मासिकाची पाने अडवली नसती. खराब माल घरी आला तर चूक घेणाऱ्याची, असे मानणारा मी माणूस आहे. पण या व्यवहारात माझा धाकटा भाऊ भिका गेला. सव्वीस वर्षांचा होता. दलालाचे नाव मी लिहून पाठवले होते. संपादकांनी कळवले की नाव छापता येणार नाही. हरकत नाही. ज्याचे आहे त्याला वाचल्यावर कळेलच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. भूत, भगत, उतारा, करणी — यातले मी काही मानत नव्हतो. आमच्या मूळ गावी शिवेवर एक बाभूळ होती. तिच्यावर बाई बसते म्हणून तिला कोणी कुऱ्हाड लावत नव्हते. मी ती मातीमोलाने घेतली, तोडली, तिचे बैलगाडीच्या चाकांचे आरे केले आणि त्याच गावात विकले. धंद्याचे पहिले भांडवल माझ्या हाती आले ते त्या बाईच्या कृपेने, असे मी थट्टेने सांगत असे. असा मी. त्यामुळे पुढचे वाचताना 'हा पहिल्यापासूनच भोळा असेल' असे कोणी समजू नये.

आमचा बाप सुतार, गाडेदुरुस्ती करायचा. त्याच्या माघारी मी नंदुरबारला आलो, वखारीत डोक्यावर फळ्या वाहिल्या, मग स्टेशनच्या बाजूला स्वतःची जागा केली. घर मागे, पुढे लांबलचक पडवी. ती पडवी हाच कारखाना. घरात माय, मी, भिका आणि भिकाची बायको. माझी बायको पहिल्याच बाळंतपणात गेली होती. भिकाच्या आधीची माझी दोन भावंडेही लहानपणीच गेली, म्हणून तर त्याचे नाव भिका ठेवलेले — देवाकडे भीक मागून राखलेला.

हे सांगतो आहे ते एकसष्ट-बासष्टच्या सुमाराचे. वीज आमच्या गल्लीत येऊन फार दिवस झाले नव्हते. तापीकाठच्या गुजर मंडळींकडे कपाशी-केळीचा पैसा येऊ लागला होता आणि लेकीच्या लग्नात त्यांना सुरतेसारखे चकचकीत पॉलिशचे कपाट हवे असे. पॉलिशला लाकूड आधी काचपेपरने घासावे लागते. एक कपाट घासायला दोन माणसांचा अख्खा दिवस जाई, बोटांची सालटी निघत. सुरतेला मी पाहिले होते — हातात धरायची विजेची घासाई मशीन. खाली चपटा तळवा, त्याला काचपेपर चिमट्यांनी अडकवायचा, बटण दाबले की तळवा थरथरत फिरतो. तेव्हापासून ती माझ्या डोक्यात बसली होती.

मार्गशीर्षात दत्ताच्या यात्रेला सारंगखेड्याला गेलो. घोडे घ्यायचे नव्हते, पण बाजार फिरून भाव ऐकणे हा माझा शौक आहे. घोड्यांच्या रांगेपलीकडे एक गुजर म्हातारा घोंगडीवर सुतारकामाची हत्यारे मांडून बसला होता. रंधे, पटाश्या... आणि मधोमध ती मशीन. विलायती, लोखंडी अंगाची, हिरव्या रंगाची. मुलगा मुंबईला गोदीत सुतार होता, त्याने तिथल्या लिलावात घेऊन गावी आणली होती, एवढे म्हातारा बोलला. शेजारी उभ्या असलेल्या दलालाला मी ओळखत होतो. मूळ धंदा घोड्यांचा, पण यात्रेत काहीही विकून द्यायचा.

इथे आमच्याकडची सौद्याची रीत सांगायला हवी, नाहीतर माझी तक्रार कळणार नाही. जनावर विकताना त्याची खोड आधी तोंडाने सांगायची — लाथ मारतो, चावतो, पाण्याला बुजतो, जे असेल ते. मग दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटे दाबून भाव करायचा. रुमाल पडला की तोंड बंद. सांगितलेल्या खोडीवर पुढे तक्रार नाही. न सांगितलेली खोड निघाली तर माल परत. विकणारा खोड सांगायला विसरला किंवा घेणारा घाई करू लागला, तर दोघांना थांबवायचे काम दलालाचे. दलाली त्याला त्यासाठीच मिळते.

आणि माझी एक सवय होती... विकणाऱ्याला बोलूच द्यायचे नाही. बोलू दिले की तो मालाची पोथी वाचतो आणि भाव चढतो. मी रुमाल लवकर टाकायचो. त्या सवयीवर मी वर आलो.

मशीन मी घोडीसारखी तपासली. तळवा हाताने फिरवला, मोटरीला नाक लावून जळका वास येतो का पाहिले, आतल्या कार्बनच्या कांड्या काढून त्यांची झीज पाहिली. उत्तम माल. म्हातारा म्हणाला,

"भाऊ, घेवाना आधी एक गोट आयकी ले..."

मी खांद्यावरचा रुमाल काढून त्याच्या हातावर टाकला. "गोट मांगून, आबा. आधी हात द्या."

"नही, पण आयकी तं ले..."

दलाल हसला. "रुमाल पडी गया, आबा. आते बोलानं काम नही."

म्हातारा रुमालाखाली घासाघीस करत नव्हता. मी समजलो, माणूस गरजू आहे. दुसऱ्याच बोलीला त्याने माझी बोटे सोडली. काय ठरले ते सांगत नाही. रुमालाखालचे रुमालाखाली राहते. पण परत येताना मोटारीत मी स्वतःशीच हसत होतो, हे खरे.

घरी आल्यावर पडवीत जोडणी केली. बटण दाबले. भुंगा फिरावा तसा एकसारखा गुणगुण आवाज. सागाच्या फळीवर चार हात मारले, फळी तुकतुकीत. मायने डोळे विस्फारून पाहिले. मी मशीन भिकाच्या हातात दिली.

भिकाबद्दल सांगतो. माझ्यासारखा तो नव्हता. बोलायला संथ, थट्टेखोर, भाव करायला बसवला तर घरचे देऊन येईल असा. पण हात... घासलेली फळी गुळगुळीत झाली का, हे तो बोटांनी बघत नसे, गाल लावून बघायचा. डोळे मिटून गाल फळीवरून फिरवायचा. त्याने होकार दिला की त्या फळीवर खोट निघत नसे.

भिकाने बटण दाबले आणि मशीन ओरडली.

दुसरा शब्द नाही. बेअरिंग सुकल्यावर येतो तसा घासटलेला, चिरकलेला आवाज, पण सलग नाही. दम लागल्यासारखा मध्येच तुटायचा, पुन्हा सुरू व्हायचा. स्वयंपाकघरात भिकाच्या बायकोच्या हातून ताटली पडली.

"रेड्यासारखा दाबू नको रे!" मी ओरडलो.

"दाबी कोठे ऱ्हायनू, दादा? देख ना." त्याने तळहात नुसता वर ठेवला होता. ओरडणे तसेच.

मी मशीन घेतली. गुणगुण. त्याच्या हातात दिली. ओरडणे.

भिका हसायला लागला. "तुन्हा हातमा मैना शे दादा, मन्हा हातमा कावळा!"

मला हसू आले नाही. खोड असलेला माल मी घेतला, ही गोष्टच मला सहन होत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मायचे जुने पांढरे लुगडे पडवीत अंथरले, म्हणजे स्क्रू हरवणार नाही, आणि मशीन उघडायला बसलो. खोड शोधायची तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मला कोणी शिकवलेले नाही, पण मी तसेच करतो. आधी काचपेपर काढून चालवली — चिमटे सैल असतील तर खडखडतात. भिकाच्या हातात ओरडली. सागाऐवजी शिसव घेतले, मग नुसती हवेत धरली. ओरडली. आतला पंखा कुठे घासतो का पाहिले. पात्यांवर खडूने खूण केली, ती कुठे पुसली नाही. कार्बन बदलले. दोन्ही बेअरिंगे रॉकेलमध्ये धुतली, सायकलवाल्याकडचे ग्रीस भरले. आतली कडी चिमटीत धरून बाहेरची फिरवली — लोण्यासारखी. पुन्हा बांधली.

माझ्या हातात मैना. भिकाच्या हातात कावळा.

अन्वरमिस्त्री माझा जुना स्नेही. पंपाच्या मोटरी भरून देतो. आवाजावरून मोटरीचा आजार सांगणारा माणूस. त्याला बोलावले. त्याने पहिल्यांदा माझ्यावरच संशय घेतला — "मला बनवतोस का? तूच भावाला शिकवलं असशील." मग आम्ही परीक्षा घेतली. मी आत जाऊन दार लावून बसलो. बाहेर कधी अन्वरमिस्त्री मशीन धरायचा, कधी भिका. कोण धरतो आहे ते मी आतून ओरडून सांगायचे. अकरा वेळा अदलाबदल झाली. अकराही वेळा मी बरोबर. भिकाने हाताला रबर गुंडाळून पाहिले, लाकडी पाटावर उभे राहून पाहिले. फरक नाही.

मग अन्वरमिस्त्रीने मशीन शिकंज्यात आवळली, चालू केली आणि सगळ्यांना लांब उभे केले. गुणगुण. "भिका, एक बोट लगा," तो म्हणाला.

भिकाने करंगळी टेकवली. ओरडली. उचलली. पुन्हा गुणगुण.

त्यानंतर त्याने जे केले ते मी विसरणार नाही. मेकॅनिक लोक पेचकसाचे टोक मोटरीला लावतात आणि मूठ कानाला. आत कुठे घासते ते त्यातून नीट ऐकू येते. भिकाने बोट टेकवलेले होते, मशीन बोंबलत होती, आणि अन्वरमिस्त्री पेचकस लावून ऐकत होता. पुढचे बेअरिंग, मागचे बेअरिंग, तळवा. त्याचा चेहरा उतरत गेला. त्याने पेचकस माझ्या हातात दिला. मी दुसऱ्या कानात बोट घातले आणि ऐकले. आत मोटर शांतपणे फिरत होती. घासटा नाही, चिरकणे नाही, काही नाही. कानातले बोट काढले की तो आवाज पडवीभर.

लोखंडात आवाज नव्हता. मग तो येत होता कुठून?

अन्वरमिस्त्रीने मशीन बंद केली, हात पुसले. "मशीन में कुछ नहीं. तेरे भाई में भी कुछ नहीं. जो है, दोनों के बीच में है. ये मशीन मत रख."

"मी काय फुकट आणली आहे?" मी म्हणालो.

भिका पडवीच्या कडेला उकिडवा बसला होता. म्हणाला, "दादा, ती माले कायतरी सांगी ऱ्हायनी."

"काय सांगी ऱ्हायनी?"

"ते समजतं तर मी सुतार ऱ्हातू का? भगत व्हई जातू!"

आम्ही तिघेही हसलो. हो, मीसुद्धा.

आता माझा गुन्हा लिहितो, कारण दुसऱ्याला जाब विचारायचा तर आपला आधी द्यावा. मशीन ओरडत होती, पण काम चोख करत होती. लग्नसराईची अकरा कपाटे अंगावर होती. मी म्हणालो, घोडी खिंकाळते म्हणून कोणी टांगा सोडत नाही. भिकाला कानात कापूस घालायला सांगितले. मी स्वतः का चालवली नाही, असे तुम्ही विचाराल. बरोबर आहे. मी लाकूड बघायला, गिऱ्हाइकाशी घासाघीस करायला बाहेर असायचो, आणि घासाईला हात भिकाचाच चांगला होता. माय एकदा म्हणाली, "त्याले नको दिऊ ती मशीन. माले तिना आवाज सोसत नही."

"माय, तूबी कापूस घाल," मी म्हणालो.

तीन-साडेतीन आठवडे असे गेले. सकाळ झाली की आमच्या पडवीतून ते ओरडणे सुरू व्हायचे. गल्लीतले लोक भिकाला "काय रे, आज कोणाला मारतोस?" असे विचारायचे. तो म्हणायचा, "दादाना कर्जदारले!" मला कर्जदार नव्हते, थट्टा होती. मी मात्र हार मानली नव्हती. आवाज मला दिवसभर टोचत होता — मला, ज्याला बाजारात कोणी फसवू शकत नाही. सुरतेहून नवी बेअरिंगे मागवली. ती आली त्या दुपारी मी एकट्याने मशीन उघडली, बेअरिंगे घातली, मागे जाड लोकरी नमद्याची चकती बसवली, एकेक स्क्रू मोजून आवळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करत होतो. भिकाची हाक आली.

"दादा! दादा, आवाज गया!"

ओल्या अंगाने बाहेर आलो. भिकाच्या हातात मशीन होती आणि ती गुणगुणत होती. भुंग्यासारखी. भिकाने कानातला कापूस काढून फेकला होता आणि लहान मुलासारखा हसत होता.

"देख!" मी म्हणालो. "करी दखाडं का नही? तुन्हा दादापुढे लोखंडबी नमस."

"नमनं बा, नमनं!" तो म्हणाला. "आते चहा पाज."

मी मायला चहा टाकायला सांगितले. फार दिवसांनी घरात सगळे मोकळे झाले होते. भिकाची बायको माझी भावजय. मी जेठ, म्हणून ती माझ्यासमोर पदर ओढून असे आणि माझ्याशी कधी बोलली नव्हती. पण स्वयंपाकघरातून तिचे हसणे त्या सकाळी मला ऐकू आले. चहा झाला. भिका पुन्हा कामाला बसला. मी आत आरशासमोर दाढी करू लागलो.

आवाज ऐकत होतो. माझ्या दुरुस्तीचा आवाज... चांगला वाटत होता. आणि मग माझ्या लक्षात आले की तो बदलत नाही. घासताना मशीनचा आवाज खालीवर होतो. दाबली की जड, उचलली की हलका, फळीच्या कडेला आली की वेगळा. हा तसा नव्हता. एकच सूर, सलग. म्हणजे मशीन चालू होती आणि हलत नव्हती.

अर्धी दाढी तशीच ठेवून बाहेर आलो. भिका कपाटाच्या दाराशी बसला होता. मशीन मांडीवर उताणी, तळवा वर करून फिरत होती, हात तिच्यावर. डोके कलते, गाल फळीला टेकवलेला, डोळे मिटलेले. मला वाटले, गाल लावून बघतो आहे.

"झाली का गुळगुळीत?" मी विचारले.

पुन्हा विचारले.

मग मी भिंतीतून प्लग उपटला. तरीही तो उठला नाही.

डॉक्टर आले. अंगावर भाजल्याची खूण नाही, हात काळा पडलेला नाही. विजेचा धक्का वाटत नाही, हृदय थांबले, असे म्हणाले. सव्वीस वर्षे वयाच्या, दिवसभर फळ्या उचलणाऱ्या माणसाचे. वीज कंपनीचा वायरमन आला. त्याने मशीनच्या अंगाला चहूबाजूंनी टेस्टचा दिवा लावला. दिवा पेटला नाही. "मशीन निर्दोष आहे," असे तो म्हणाला आणि मला वाटले, त्याच मशीनने त्याचे डोके फोडावे.

भिकाला पोहोचवून आलो. बायका ओसरीत बसल्या होत्या. भिकाची बायको उठली, पदर न ओढता माझ्यासमोर आली आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"तुम्हीच दुरुस्त करी ना ती?"

एवढेच. मायने तिला धरून आत नेले.  

तेरावे झाल्यावर मी म्हाताऱ्या आबांचे गाव शोधत गेलो. तापीच्या काठाला, केळीच्या बागांमध्ये. भांडायला गेलो होतो. आबा खळ्यात बसले होते. मला पाहिले, माझे मुंडण केलेले डोके पाहिले, आणि मी तोंड उघडण्याआधी त्यांनीच विचारले,

"कोन गया?"

"भाऊ."

त्यांनी हातातली काठी खाली ठेवली. "त्याना हातमा वरडे ना?"

मी त्यांच्यासमोर खाली बसलो.

"मन्हा पोऱ्याना हातमाबी असंच वरडे. बाकी कोनाच हातमा नही. मी चालाडी, शेजारना लोकेसनी चालाडी — गप. पोऱ्यानी मुंबईले दुरुस्त कराले टाकी, तरी तेच. मंग एक दिन वरडनी नही. पोऱ्या खूश व्हयना. त्याच दिन..." आबांनी माझ्याकडे बोट केले. "मी त्या दिन तुले तेच सांगू ऱ्हायन्तू. तू बोलू दिधं का?"

नाही दिले. मी मान खाली घातली. मग विचारले, "पण आबा, विकली कशाला? तापीत फेकायची."

"मी फेकाले निघनू व्हतू. दलाल बोलना, चांगला माल कसाले फेकस, मी इकी देस. खोड मी सांगसू, तू चिंता नको करू."

"त्याला खोड माहीत होती?"

"त्याले? मन्हा पोऱ्याले खांदा दिधा व्हता त्यानी. सगळं देखेल शे त्याना डोयानी."

दलालाचे घर तिथून पाऊण कोसावर. चालत गेलो. तो दावणीला घोड्याचा खरारा करत होता. मी काही प्रस्तावना केली नाही. "तुला माहीत होते. रुमाल मी टाकला, तू उचलायचा होतास. थांब म्हणायचे होतेस. का नाही म्हणालास?"

त्याने खरारा थांबवला नाही. घोड्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला,

"जनावरनी खोड सांगतंस, दादा. लोखंडनी नही सांगत."

मी त्याच्या अंगावर गेलो. चौघांनी मला ओढून काढले. अंगावर गेल्याचा मला पश्चात्ताप नाही. चौघे आले याचा आहे.

त्या गोष्टीला आता सहा वर्षे होत आली. भिकाची बायको माहेरी म्हसावदला आहे. मायला कमी ऐकू येते, ते बरेच झाले. मशीन अन्वरमिस्त्रीने पुन्हा उघडली, एकेक तुकडा भिंगाखाली पाहिला. काही नाही. जोडून पंधरा-वीस माणसांच्या हातात देऊन पाहिली. सगळ्यांच्या हातात गुणगुणते. मी सगळे सुटे करून एका खोक्यात टाकले आणि खोक्याला खिळे मारले. मध्यंतरी नवापूरचा एक फर्निचरवाला ती घ्यायला आला. कुठून तरी कळले होते त्याला. मी त्याला सांगितले — एखाद्याच्या हातात ओरडेल. ओरडायची थांबली तर त्या माणसाचा हात ताबडतोब काढून घे. तो आधी हसला. मग माझ्या तोंडाकडे पाहिले आणि चहा न पिताच गेला. दोन वाक्ये लागली मला. घड्याळ लावून बघा, दहा सेकंदही लागत नाहीत.

हे काय होते, ते मला माहीत नाही. ती मशीन त्या दोघांना मारत होती, की ओरडून ओरडून सावध करत होती आणि आम्ही तिचे तोंड बंद केले? मी बेअरिंगे बदलली म्हणून आवाज थांबला, की आवाज थांबायची वेळ आली आणि मी नेमकी बेअरिंगे बदलली? अन्वरमिस्त्री हा विषय निघाला की उठून जातो. शिकलेल्या एका इंजिनिअरला विचारले. तो म्हणाला योगायोग. दोन घरांत, दोन तरण्या माणसांच्या बाबतीत, त्याच मशीनवर, आवाज थांबला त्याच दिवशी. याला योगायोग म्हणायचे असेल तर म्हणा. वाचकांपैकी कोणाला दुसरे काही सुचत असेल तर मासिकाकडे कळवा. मी वाचेन. पण मी हे त्यासाठी लिहिलेले नाही.

माझा वाटा मी कबूल केला आहे. मी म्हाताऱ्याला बोलू दिले नाही. ओरडणारी मशीन भावाच्या हातात दिली. ती गप्प झाल्यावर चहा पाजला. हे तिन्ही माझ्या माथी, आणि ते मी मरेपर्यंत वाहणार. आबांनी तोंड उघडले होते; त्यांना मी दोष देत नाही.

दलाला, तू मात्र तिसरा होतास. तुला घाई नव्हती, तुझे कोणी मेले नव्हते, आणि तोंड उघडण्याचेच तुला पैसे मिळत होते. या मार्गशीर्षात मी सारंगखेड्याला येतो आहे. दत्ताच्या देवळासमोर, बाजारातल्या चार जाणत्या माणसांना बसवून मी तुला एकच प्रश्न विचारणार आहे, आणि तो आजच छापून ठेवतो, म्हणजे तुला उत्तर शोधायला वेळ मिळेल. आबांच्या मुलाला तू खांदा दिला होतास. त्याचे वजन किती होते ते तुझ्या खांद्याला माहीत होते. मग माझा रुमाल पडला तेव्हा तू हसलास कशाला? सांग.